क्षार, आम्लारी आणि चाळीस गुण : माध्यमिक स्तरावरील रसायनशास्त्राच्या परीक्षेची चिकित्सा (विशेष संदर्भ : बुलडाणा जिल्हा)

प्रस्तावना

अकरावी विज्ञान शाखेला रसायनशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांची एक तक्रार सर्वपरिचित आहे. दहावीला विज्ञानात ऐंशी-नव्वद गुण मिळविलेला विद्यार्थी मोल संकल्पनेपाशी येऊन अडखळतो; समीकरण संतुलित करतो, पण त्या समीकरणातील अंक कशाचे निदर्शक आहेत हे त्याला सांगता येत नाही. या तक्रारीचे कारण बहुधा विद्यार्थ्याच्या आळसात, भ्रमणध्वनीत, शिकवणी वर्गांच्या सुळसुळाटात किंवा शालेय शिक्षकाच्या अनास्थेत शोधले जाते. ज्या परीक्षेने त्या विद्यार्थ्याला ऐंशी-नव्वद गुण दिले, ती परीक्षा नेमके काय मोजते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या परीक्षेची चिकित्सा करावयाची आहे. बुलडाणा जिल्हा त्यासाठी मुद्दाम निवडला आहे. या जिल्ह्याच्या मातीत, पाण्यात आणि बाजारपेठेत शालेय रसायनशास्त्रातील अर्धेअधिक विषय प्रत्यक्ष उपस्थित आहेत. लोणारचे सरोवर, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, खामगावची चांदी आणि घाटाखाली-घाटावर सर्वत्र दिसणारी पऱ्हाटी ही त्याची ठळक उदाहरणे होत. असे असूनही येथील विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत यांपैकी काहीही उमटत नाही. ते का उमटत नाही, हे तपासणे उद्बोधक ठरेल.

प्रश्नपत्रिकेची घडण

सध्याचा इयत्ता दहावीचा अभ्यासक्रम २०१८ मध्ये लागू झाला आणि त्यावर आधारित पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाचे दोन भाग असून प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा व २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन अशी १०० गुणांची विभागणी आहे. रसायनशास्त्र पहिल्या भागात येते. त्या भागातील दहा प्रकरणांपैकी मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे ही चार प्रकरणे रसायनाची आहेत. सर्व प्रकरणांना सारखा वाटा आहे असे धरले, तर ४० पैकी सुमारे १६ गुण रसायनाच्या पदरी पडतात. म्हणजे ज्या शंभर गुणांवरून ‘याचे विज्ञान चांगले आहे’ असा निर्वाळा दिला जातो, त्यात लेखी रसायनशास्त्राचा हिस्सा षष्ठांशाच्या आसपास आहे. त्यातही विकल्प आहेत. प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यानुसार पाच गुणांचे बहुपर्यायी प्रश्न आणि पाच गुणांचे एका ओळीचे प्रश्न अनिवार्य असतात. त्यानंतर शास्त्रीय कारणांचे चार, लघुत्तरी प्रश्नांचे सहा, तीन गुणांच्या प्रश्नांचे पंधरा आणि दीर्घोत्तरी प्रश्नाचे पाच गुण हे सर्व निवडीचे असतात. चाळीसपैकी तीस गुणांच्या ठिकाणी विद्यार्थ्याला ‘हे नको, ते’ असे म्हणण्याची मुभा आहे. भिंगे आणि विद्युतधारा पक्की असलेला विद्यार्थी रसायनाला जवळपास वळसा घालून प्रथम श्रेणी गाठू शकतो. त्याला कोणी चोर म्हणणार नाही, कारण आराखड्यानेच त्याला तो रस्ता दिला आहे.

याहूनही महत्त्वाची बाब मोल संकल्पनेची आहे. रेणुवस्तुमान आणि मोल हा भाग इयत्ता नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या प्रकरणात येतो, आम्ल, आम्लारी व क्षार हा भागही नववीतच येतो. नववीची परीक्षा शाळेची, दहावीची मंडळाची. परिणामतः ज्या दोन विषयांवर पुढील सर्व रसायनशास्त्र उभे राहते, ते दोन्ही विषय मंडळाच्या परीक्षेत स्वतंत्रपणे तपासलेच जात नाहीत. आठवीपर्यंत अनुत्तीर्ण न करण्याचे धोरण २०१० पासून अनेक वर्षे होते. २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तरीही नववी हे वर्ष दहावीच्या तयारीचे वर्ष म्हणूनच पाहिले जाते, आणि दहावीत जे विचारले जाणार नाही ते नववीत उरकले जाते. अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात मोल पुन्हा समोर येतो, तेव्हा तो विद्यार्थ्याच्या दृष्टीने नवा असतो. शिवाय तो इंग्रजीत असतो. मराठी माध्यमात ‘क्षपण’ शिकलेला विद्यार्थी एका उन्हाळ्याच्या सुटीनंतर ‘रिडक्शन’ला सामोरा जातो. सेमी-इंग्रजी वर्गांचा प्रसार तालुक्याच्या गावांपर्यंत झाला तो या भीतीपोटीच. परंतु भाषा बदलल्याने प्रश्नाचे स्वरूप बदललेले नाही, केवळ पाठांतराची लिपी बदलली आहे.

‘क्षार’ या शब्दाची गोष्ट

परीक्षा आणि भाषा यांचा संबंध किती खोलवरचा आहे, हे पाहण्यासाठी ‘क्षार’ हा एकच शब्द पुरेसा आहे. मराठी पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून जो पदार्थ पाण्यासोबत तयार होतो, त्याला क्षार म्हणतात. हिंदीत त्याच पदार्थाला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माच्या पदार्थासाठी, म्हणजे मराठीतील आम्लारीसाठी वापरतात. आयुर्वेदातील क्षारही हिंदीच्या बाजूचा आहे. वनस्पतींची राख धुऊन काढलेला तो दाहक पदार्थ आम्लारिधर्मीच असतो. घरातला पापडखार त्याच कुळातला. जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचा विद्यार्थी आज भ्रमणध्वनीवर हिंदीतील विज्ञानाच्या चित्रफिती पाहतो. तेथे त्याला ‘क्षार लाल लिटमसला निळा करतो’ असे ऐकू येते, आणि वर्गात त्याच्यासमोर मीठ हे क्षाराचे उदाहरण म्हणून ठेवले जाते. दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत. विद्यार्थ्याच्या डोक्यात मात्र मीठ लिटमसला निळा करते अशी तिसरी, चुकीची गोष्ट तयार होते.

ही अडचण येथेच थांबत नाही. शेतीच्या मराठीत ‘क्षारयुक्त जमीन’ म्हणजे विद्राव्य क्षारांचे प्रमाण अधिक असलेली जमीन. सोडियमचे प्रमाण वाढून सामू चढलेली, पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात दगडासारखी होणारी जमीन ती ‘चोपण’. व्यवहारात दोहोंनाही सरसकट ‘खारवट’ म्हटले जाते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात या दोन्ही दोषांची सरमिसळ आढळते. २०१५ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत मातीचे बारा घटक नोंदविलेले असतात. त्यांत सामू आणि विद्युत वाहकता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. सामू आम्ल-आम्लारी गुणधर्म सांगतो, विद्युत वाहकता विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण सांगते. शाळेतील संपूर्ण प्रकरण त्या दोन ओळींत सामावलेले आहे. ती पत्रिका विद्यार्थ्याच्या घरात, बहुधा सात-बाराच्या उताऱ्यासोबत, पिशवीत ठेवलेली असते. परीक्षेत त्याला विचारले जाते ते सामूची व्याख्या आणि दर्शकांचे रंग.

लोणारच्या बाबतीत तर हा गोंधळ अधिकच बोधप्रद होतो. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेल्या या विवरातील सरोवराचे पाणी खारटही आहे आणि आम्लारिधर्मीही. त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदविला गेला आहे. खारटपणा प्रामुख्याने सोडियम क्लोराइडचा, तर आम्लारिधर्म सोडियमच्या कार्बोनेट व बायकार्बोनेटचा. काच आणि साबण यांसाठी लागणारे पदार्थ या परिसरात मिळतात, अशी नोंद सोळाव्या शतकातील ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, म्हणजे लोणारच्या रसायनाचा व्यावहारिक उपयोग शालेय अभ्यासक्रमाहून कितीतरी जुना आहे. जून २०२० मध्ये पाण्याचा रंग गुलाबी झाला तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या सर्व काळात जिल्ह्यातील वृत्तपत्रे लोणारच्या पाण्याला ‘क्षारयुक्त’ म्हणत राहिली. त्या शब्दाचा अर्थ खारट घ्यायचा की आम्लारिधर्मी, हे वाचकाने आपल्या मनाने ठरवायचे.

येथे खरा रासायनिक पेच आहे. सोडियम कार्बोनेट हा मराठी परिभाषेत क्षारच आहे. कार्बोनिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्यापासून बनलेला. तरीही त्याच्या द्रावणात तांबडा लिटमस निळा होतो. ‘आम्ल आणि आम्लारी यांचे उदासिनीकरण होऊन क्षार तयार होतो, म्हणून क्षार उदासीन असतो’ हे वर्गात ऐकलेले आणि परीक्षेत गुण मिळवून देणारे वाक्य लोणारच्या काठावर खोटे ठरते. प्रबल आम्लारी आणि दुर्बल आम्ल यांपासून बनलेल्या क्षाराचे द्रावण आम्लारिधर्मी असते, ही पुढच्या इयत्तांची गोष्ट आहे हे मान्य. पण विसंगती दाखवून विद्यार्थ्याला विचारात पाडणे नववीतही शक्य आहे. उदाहरणार्थ : ‘एका सरोवराच्या पाण्यात मीठ आढळले, आणि त्या पाण्यात तांबडा लिटमस निळा झाला. हा बदल मिठामुळे झाला काय? हे तपासण्यासाठी तुम्ही कोणता प्रयोग कराल?’ या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात केवळ मीठ विरघळवून त्यात लिटमस बुडवायचा, आणि दुसऱ्या नळीत धुण्याचा सोडा घ्यायचा. लागणारे साहित्य दोन परीक्षानळ्या, चिमूटभर मीठ, चिमूटभर सोडा. सरोवर अभयारण्यात असल्याने तेथून पाणी आणण्याची गरज नाही आणि आणूही नये. हा प्रश्न ज्याला सुटला त्याला लिटमसचा रंग पाठ असण्यापलीकडचे काही तरी समजले आहे, असे खात्रीने म्हणता येते. नियंत्रित तुलना म्हणजे काय हे त्याला कळले आहे.

‘शास्त्रीय कारणे लिहा’

मराठी विज्ञान-प्रश्नपत्रिकेचा सर्वांत जुना आणि सर्वांत मराठी वाटणारा प्रश्नप्रकार म्हणजे ‘शास्त्रीय कारणे लिहा’. मूळ कल्पना उत्तम होती. अनुभवातील एखादी घटना घ्यायची आणि तिचा कार्यकारणभाव विचारायचा. परंतु अनेक वर्षांच्या वापराने या प्रकाराची यादी गोठली आहे. चांदीचे दागिने काळे पडतात, आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवत नाहीत, लोखंडी वस्तूंना रंग देतात, अशी वीस-पंचवीस विधाने पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली आहेत. अपेक्षित प्रश्नसंचात त्यांची उत्तरे तीन-तीन मुद्द्यांत बांधून मिळतात. परीक्षक आदर्श उत्तरपत्रिकेशी ताडून मुद्द्यामागे अर्धा-एक गुण देतो. अशा रीतीने ‘का?’ विचारणारा प्रश्न ‘काय?’ विचारणारा होऊन बसतो. कारण विचारले जाते, पण तपासली जाते ती स्मृती.

खामगावचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. चांदीच्या व्यापारामुळे रजतनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरातील विद्यार्थी ‘हवेतील गंधकयुक्त संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो’ असे लिहून दोन गुण घेतो. त्याच विद्यार्थ्याला असे विचारावे : काळवंडलेले चांदीचे निरांजन एकदा घासून उजळले आणि दुसऱ्यांदा ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर ठेवून खाण्याच्या सोड्याच्या गरम द्रावणात बुडविले, दोन्ही वेळा ते पांढरे झाले, तर चांदी कोणत्या वेळी कमी झाली? घासण्यात काळा थर त्यातील चांदीसह निघून जातो. दुसऱ्या पद्धतीत सिल्व्हर सल्फाइडचे क्षपण होऊन चांदी भांड्यावरच परत येते आणि ॲल्युमिनिअमचे ऑक्सिडीकरण होते. ऑक्सिडीकरण, क्षपण, धातूंची क्रियाशीलता श्रेणी असे दहावीच्या दोन प्रकरणांचे सार या एका प्रश्नात येते, आणि उत्तराला बाजारभावाचे वजन आहे. सराफ चांदीचा टंच काढतो तेव्हा दागिन्याचा अगदी अल्प अंश तपासून संपूर्ण दागिन्याबद्दल निर्णय देतो. तो अंश वरच्या मुलाम्यातून घेतला तर टंच खोटा निघतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परीक्षाशास्त्रात यालाच सप्रमाणता म्हणतात. गोठलेल्या यादीतून विचारलेले शास्त्रीय कारण हा मुलाम्याचा टंच आहे.

समीकरणांच्या बाबतीत हीच गोष्ट आंतरराष्ट्रीय संशोधनाने बऱ्याच आधी दाखवून दिली. अमेरिकेत यारोक यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समीकरणे बिनचूक संतुलित करणाऱ्या शालेय विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांना त्या समीकरणाचे रेणूंचे चित्र काढता आले नाही. हायड्रोजनचे तीन रेणू दाखविण्याऐवजी सहा अणू एकमेकांना चिकटवून काढले गेले. नुरेनबर्न आणि पिकरिंग यांनी १९८७ मध्ये आकडेमोडीची उदाहरणे सोडविणे आणि संकल्पना समजणे यांतील अंतर दाखविले. ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालते, हे मांडले : डोळ्यांना दिसणारी, रेणूंची न दिसणारी आणि चिन्हांची. तज्ज्ञ या तीन पातळ्यांमध्ये सहज ये-जा करतो; नवशिक्याला तिन्ही एकदम दिल्या की तो चिन्हांची पातळी धरून बसतो, कारण ती पाठ करता येते. मंडळाची प्रश्नपत्रिका या दृष्टीने पाहिली तर ती मुख्यतः तिसऱ्या पातळीवर वावरते, क्वचित पहिल्या पातळीवर उतरते, आणि दुसरीला जवळजवळ स्पर्शच करत नाही. रेणूंचे चित्र काढा, असा प्रश्न विचारण्यास खर्च काहीच येत नाही.

राज्याची परीक्षा आणि शाळेची परीक्षा

या टीकेवर मंडळाच्या बाजूने दिले जाणारे उत्तर बिनबुडाचे नाही. दरवर्षी पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी ही परीक्षा देतात. नऊ विभागीय मंडळांतील हजारो परीक्षकांनी एकच उत्तर सारखेच तपासावे, ही अपेक्षा असल्यास उत्तर बांधीव असावे लागते. लोणारवरचा प्रश्न सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यावर अन्याय करेल, असेही म्हणता येईल. शिवाय परीक्षेच्या विश्वासार्हतेचा प्रश्न इतका गंभीर आहे की गुणवत्तेची चर्चा मागे पडते. मार्च २०२२ मध्ये मुंबईत बारावीच्या रसायनशास्त्राच्याच प्रश्नपत्रिकेचा भाग परीक्षेपूर्वी बाहेर आला, आणि मार्च २०२३ मध्ये बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची पाने सिंदखेडराजा तालुक्यातून समाजमाध्यमांवर पसरली. अशा वेळी सारी यंत्रणा लिफाफा, भरारी पथक आणि केंद्रावरील बंदोबस्त यांत गुंतते. लिफाफ्याच्या आत काय आहे, याकडे पाहण्यास उसंत उरत नाही. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर पाठ करूनच द्यायचे असते, त्याची प्रत अर्धा तास आधी मिळाली तर ती सोन्याच्या मोलाची ठरते. ज्या प्रश्नात दिलेल्या माहितीवरून तर्क करायचा असतो, त्याची प्रत मिळूनही फायदा मर्यादित राहतो. प्रश्नपत्रिकेचे स्वरूप आणि कॉपीचा बाजार यांचे नाते एवढे जवळचे आहे.

स्थानिकतेच्या आक्षेपाचे उत्तर दोन प्रकारे देता येते. एक तर आवश्यक ती सर्व माहिती प्रश्नातच देता येते. सामू ८.८ आणि विद्युत वाहकता अल्प असलेली माती कोणत्या दोषाची, आणि तीत जिप्सम घातल्यास काय होईल, हे विचारताना लोणार वा पूर्णा यांचे नाव घेण्याची गरज नाही. मातीतील सोडियम कार्बोनेट आणि कॅल्शिअम सल्फेट यांच्यात दुहेरी विस्थापन होऊन अविद्राव्य कॅल्शिअम कार्बोनेट आणि विद्राव्य सोडियम सल्फेट तयार होते. दुसरा पदार्थ पाण्याबरोबर निचरून जातो. पाठ्यपुस्तकातील सिल्व्हर नायट्रेटच्या अभिक्रियेचा हा शेतातला अवतार आहे, आणि सिल्व्हर नायट्रेट महाग असल्याने अनेक प्रयोगशाळांत ते पाहावयासही मिळत नाही, ही वस्तुस्थिती जाता जाता नमूद केलेली बरी. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. नववीची संपूर्ण परीक्षा आणि दहावीचे २० अंतर्गत गुण शाळेच्याच हाती आहेत. तेथे मंडळाने कोणाचा हात धरलेला नाही. तरीही शाळेची नववीची प्रश्नपत्रिका मंडळाच्या आराखड्याची सहीसही नक्कल असते, अनेकदा विकत आणलेली असते. आणि अंतर्गत गुण एकोणीस-वीसच्या घरात एका रांगेत उभे असतात. ज्या मोजपट्टीवर सर्वांची उंची सारखीच भरते, त्या मोजपट्टीविषयी शंका घेणे शास्त्राच्या अध्यापकाला अवघड जाऊ नये.

पर्याय कल्पनेतला नाही. बुलडाण्याच्या शेजारच्याच राज्यात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची परीक्षा पुस्तके व वह्या जवळ ठेवून घेतली जात असे, आणि प्रयोगाची परीक्षा स्वतंत्रपणे होत असे. पुस्तक उघडे ठेवल्यावर व्याख्या विचारण्यात अर्थच उरत नाही. प्रश्नकर्त्याला नाइलाजाने विचार करावा लागतो. शिक्षकांनी एकत्र बसून प्रश्न रचणे हा त्या कार्यक्रमाचा भाग होता. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. परंतु तीन दशके शेकडो सरकारी शाळांत, तुटपुंज्या साधनांत, असे मूल्यमापन चालू शकले ही नोंद पुसली जात नाही. त्याच सुमारास होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांमध्ये काम केले. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा हीच अनेक विद्यार्थ्यांपुढील पहिली भिंत असते, हा मुद्दा केंद्राचे वि. गो. कुलकर्णी यांनी आग्रहाने मांडला. ‘क्षार’ शब्दाची वर सांगितलेली गोष्ट त्याच भिंतीची एक वीट आहे. हे काम मलकापूरपासून काही तासांच्या अंतरावर झाले, आणि तरीही जिल्ह्यातील प्रश्नपत्रिकांवर त्याची सावलीसुद्धा पडली नाही.

साध्या बहुपर्यायी प्रश्नालाही अधिक बोलके करता येते. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८८ मध्ये द्विस्तरीय प्रश्नांची पद्धत मांडली. पहिल्या स्तरावर उत्तर आणि दुसऱ्या स्तरावर त्या उत्तराचे कारण निवडायचे. दोन्ही बरोबर असतील तरच गुण. विदर्भातील विद्यार्थ्यासाठी असा प्रश्न पऱ्हाटीवरून तयार होतो. वाळलेली पऱ्हाटी उघड्यावर पूर्णपणे जाळली; तयार झालेली राख आणि सर्व वायू यांचे एकत्रित वस्तुमान मूळ पऱ्हाटीच्या वस्तुमानापेक्षा कमी, तेवढेच की जास्त? राखेचा ढीग पाहणारा ‘कमी’ म्हणेल. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम पाठ असलेला हुशार विद्यार्थी ‘तेवढेच’ म्हणेल. बरोबर उत्तर ‘जास्त’ हे आहे, कारण हवेतील ऑक्सिजन त्यात भरला गेला आहे. नियम पाठ असणे आणि नियम कोणत्या वस्तूंना लावायचा हे कळणे, या दोहोंतील फरक हा एकच प्रश्न उघडा करतो. शिवाय त्याची उत्तरपत्रिका तपासण्यास परीक्षकाला एक मिनिटही लागत नाही, त्यामुळे संख्येची सबब येथे चालत नाही.

हे सर्व केवळ अध्यापनशास्त्राचे वाद नव्हेत. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत अकस्मात केसगळतीच्या तक्रारी आल्या, तेव्हा प्रथम पाण्यातील नायट्रेटची आणि नंतर गव्हातील सेलेनियमची चर्चा वृत्तपत्रांत झाली. त्या गावांतही दहावी उत्तीर्ण झालेली मंडळी घराघरांत होती. आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या खाली, सोळाव्या गणात आहे, हे त्यांतील अनेकांनी एके काळी रिकाम्या जागेत भरले असेल. एकाच गणातील मूलद्रव्यांचे गुणधर्म सारखे असतात म्हणून गंधकाला सवयलेल्या शरीरात सेलेनियमलाही वाट मिळू शकते, आणि म्हणूनच त्याचे अल्प प्रमाण आवश्यक व अधिक प्रमाण घातक ठरते, हा दुवा त्यांच्यापर्यंत कोणत्याही परीक्षेने पोहोचविला नाही. नायट्रेट हे मूलद्रव्य नसून मूलक आहे, ते खतातूनही विहिरीत उतरते, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याची तीव्रता वाढते, एवढे कळण्यासाठी आठवी-नववीचे रसायनशास्त्र पुरेसे आहे. ते कळले नाही तर अफवेला मोकळे रान मिळते.

अखेरीस हा प्रश्न महाविद्यालयांकडेही येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकविणारा शिक्षक याच विभागातील महाविद्यालयांतून बी.एस्सी. होऊन, नंतर बी.एड. करून शाळेत गेलेला असतो. त्याने स्वतः दिलेल्या परीक्षांत ‘टीपा लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘गुणधर्म सांगा’ हेच प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत सापडत होती. तो नववीची प्रश्नपत्रिका काढावयास बसतो, तेव्हा त्याच्यासमोर दुसरा नमुना नसतो. शाळेच्या परीक्षेवर टीका करणाऱ्या प्राध्यापकाच्या प्रश्नपत्रिकेतच त्या परीक्षेचे बीज असते. पऱ्हाटीचा वरील प्रश्न बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या वर्गात, कारणासह, पहिल्याच तासिकेला विचारून पाहण्यास दहा मिनिटे लागतील. त्यासाठी मंडळाची वा विद्यापीठाची परवानगी लागत नाही, आणि येणाऱ्या उत्तरांतून दहावीच्या चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेने काय मोजले व काय मोजायचे राहिले, हे प्रत्येक महाविद्यालयाला आपल्यापुरते पाहता येईल.